उकाड्याची रात्र: बोटीच्या डेकपासून सेवाग्रामच्या ओसरीपर्यंत

२९ ऑगस्ट १९३१ रोजी ‘राजपुताना’ ही आगबोट मुंबईहून विलायतेस निघाली. गोलमेज परिषदेसाठी जाणारे महात्मा गांधी या बोटीवर होते. सोबत महादेवभाई देसाई, प्यारेलाल, देवदास आणि मीराबेन होत्या. त्या बोटीवर उपलब्ध असलेल्या सर्वांत खालच्या वर्गातून प्रवास करण्याचा गांधीजींचा आग्रह होता. केबिन मिळालेली असूनही त्यांनी डेकवरचा एक कोपरा पसंत केला. दिवसाचा बराचसा वेळ आणि रात्रीची झोपही त्यांनी तेथेच, मोकळ्या हवेत घेतली.

त्या काळी तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या उतारूंना यात नवल वाटले नसते. लोखंडी बोटीची बंद खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापत असे. विजेचे पंखे येण्यापूर्वी डेकवरचा वारा खाली उतरविण्यासाठी कॅनव्हासच्या लांब नळ्या सोडल्या जात. भोजनगृहात दोरीने ओढावयाचे कापडी पंखे असत, आणि तरीही पुष्कळसे उतारू अंथरूण उचलून डेकवर जात. आपल्या वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडील मंडळी वैशाखात गच्चीवर बाज टाकतात, त्यातलाच हा प्रकार. हिंगणघाटचा कापूस ज्या समुद्रमार्गाने परदेशी बाजारपेठांत जात होता, त्याच मार्गावर माणसे उकाड्यापासून बचावासाठी आपल्यासारखाच उपाय करीत होती.

या प्रवासानंतर पाच वर्षांनी, ३० एप्रिल १९३६ रोजी, गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात आले. दिवस ऐन उन्हाळ्याचे होते. जमनालालजी बजाज यांच्या निमंत्रणावरून ते आधीच वर्ध्यास राहावयास आले होते. पुढे १९४० मध्ये या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. तेथे बांधावयाच्या घराविषयी गांधीजींची अट प्रसिद्ध आहे: खर्च ५०० रुपयांहून अधिक होऊ नये, साहित्य आणि कारागीर परिसरातलेच असावेत. आज ‘बापू कुटी’ म्हणून ओळखली जाणारी वास्तू मीराबेन यांनी प्रथम स्वतःसाठी उभारली होती. बोटीवरच्या त्या प्रवासात सोबत असलेल्या याच मीराबेन. कुटीच्या भिंतीवर त्यांनी मातीतून उठविलेली ताडाची झाडे आजही पाहावयास मिळतात.

भिंत जे काम करते, ते पंखा करू शकत नाही

मे महिन्यात दुपारी सेवाग्रामला जाऊन बापू कुटीच्या ओसरीवर दहा मिनिटे बसावे. बाहेर पारा ४५ अंशांकडे झुकलेला असतो. शेजारच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी तापमान ४७.९ अंशांवर गेले होते, आणि वर्ध्याचा उन्हाळा नागपूरपेक्षा फारसा सौम्य नाही. तरीही कुटीत शिरताच अंगाला फरक जाणवतो, तोही कोणत्याही यंत्रावाचून.

त्याची कारणे साधी आहेत. मातीची जाड भिंत सावकाश तापते. बाहेरचा ताप आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. छपराच्या कवेलूंमधल्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. ओसरीचे छप्पर खाली उतरलेले असल्याने ऊन भिंतीला थेट भिडत नाही. सारवलेली जमीन पायाला थंड लागते. विचारवंत इव्हान इलिच १९७८ च्या जानेवारीत सेवाग्रामला आले असता याच कुटीत बसले होते, आणि या साध्या घराने आपल्याला काय शिकविले यावर त्यांनी भाषण केले होते. घर म्हणजे सामान ठेवण्याची पेटी नव्हे, माणसाच्या देहाशी जुळवून घेणारी ती जागा असते, असा त्यांच्या विचाराचा रोख होता.

आपल्या व्यापारी कुटुंबांची घरे मात्र गेल्या दोन पिढ्यांत पूर्णपणे बदलली. खाली दुकान, वर राहते घर आणि त्यावर सिमेंटचा स्लॅब ही बाजारपेठेतील सर्वसाधारण रचना. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो. म्हणून रात्री दहा वाजता रस्त्यावर झुळूक असते, पण वरच्या मजल्यावरील शयनगृहात हात छताकडे नेला तर तव्याची धग लागते. अशा खोलीत छताचा पंखा पूर्ण वेगाने फिरविला, तर तो छताजवळची तापलेली हवाच खाली ढकलतो. ‘पंखा गरम वारा फेकतो’ अशी तक्रार प्रत्येक घरात ऐकू येते. दोष पंख्याचा नसतो, स्लॅबचा असतो.

म्हणून उपायाची सुरुवात छतापासून करावी. उन्हाळ्याच्या तोंडी गच्चीला चुन्याचा पांढरा थर दिल्यास स्लॅब बराच कमी तापतो. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून पडदा किंवा वाळ्याची ताटी लावावी, कारण काचेच्या आत आलेले ऊन पडद्याने परत जात नाही. सकाळी आठनंतर खिडक्या बंद ठेवाव्यात आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाल्यावरच उघडाव्यात. दोन समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवून एकीत टेबलफॅन बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवला, तर तो खोलीतील कोंडलेला ताप बाहेर काढतो आणि दुसऱ्या खिडकीतून रात्रीची हवा आत येते. झोपण्यापूर्वी अर्धा-एक तास एवढे केले तरी खोली बदललेली जाणवते.

पंख्याचे खरे काम

पंखा हवा थंड करीत नाही. बंद, रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवला तर त्याच्या मोटारीच्या उष्णतेने खोली किंचित तापतेच. पंखा थंड करतो ते देहाला. झोपलेल्या माणसाचे शरीरही सतत उष्णता बाहेर टाकीत असते, साधारण ७० ते ८० वॅटच्या दिव्याइतकी. अंगाभोवती त्या उष्णतेचा आणि घामाच्या वाफेचा एक पातळ थर साचतो. पंख्याचा वारा तो थर उडवून लावतो आणि घाम वाळतो. एक लिटर घाम वाळताना शरीरातील सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. पंख्यासमोर बर्फाचे भांडे ठेवण्याची युक्ती पुष्कळांना माहीत आहे. पण एक किलो बर्फ वितळताना केवळ ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. म्हणजे वाळणारा घाम वा ओल्या पंचाचे पाणी हे त्याच वजनाच्या बर्फाच्या सातपट काम करते. पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला सुती पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली झोपण्याची आजी-आजोबांची रीत शास्त्राला धरूनच होती.

मात्र पंख्याला मर्यादा आहे, आणि ती ठाऊक नसणे जिवावर बेतू शकते. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून बरीच गरम असेल, तर पंखा ती गरम हवा अंगावर आदळवितो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की हवेचे तापमान ४० अंशांच्या वर असताना पंख्यावर विसंबू नये, कारण अशा वेळी तो शरीर तापवितो. वृद्ध माणसांना घामही कमी येतो, त्यामुळे धोका त्यांनाच अधिक. वैशाखातील दुपारी दारे-खिडक्या लावून, नुसत्या पंख्याखाली आजोबांना निजवून घरातील सर्व मंडळी दुकानात जातात. ही सवय बदलावयास हवी. त्या वेळी अंग ओले ठेवणे, कूलर लावणे किंवा तळमजल्यावरच्या गार खोलीत बाज हलविणे हाच मार्ग आहे.

कोरडा उकाडा, ओला उकाडा

वर्ध्याचा उन्हाळा दोन तोंडांचा असतो. मृगापर्यंत तो कोरडा असतो. ४२ अंश तापमान आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या कापडाला वारा लागून ते सुमारे २२ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. कूलरचे सारे सामर्थ्य या एका गोष्टीत आहे. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांवरून पाणी ओघळते, वारा त्यातून जातो आणि गार होऊन आत येतो. कूलर लावल्यावर समोरची खिडकी वा दार उघडे ठेवावे. बंद खोलीत ओलावा साचतो आणि तासाभरात कूलर निरुपयोगी होतो.

पाऊस सुरू झाला की चित्र उलटते. ३३ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असताना तेच ओले कापड २९ अंशांच्या खाली जात नाही. पारा नऊ अंशांनी उतरलेला, पण जीव अधिक कासावीस. अशा वेळी कूलरचे पाणी बंद करावे आणि नुसता पंखा जोरात लावावा. मुंबईचे पाहुणे वर्ध्याच्या उन्हाळ्याला भितात आणि वर्ध्याची माणसे मुंबईच्या घामाला कंटाळतात, याचे गणित हे असे आहे.

कूलरच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी जपावयास हव्यात. एक विजेची. कूलरमध्ये पाणी भरताना किंवा त्याला हात लावताना आधी बटण बंद करून प्लग काढावा. आर्थिंग नसलेला लोखंडी कूलर आणि ओली फरशी यांच्यामुळे विदर्भात दर उन्हाळ्यात दुर्घटना घडतात. दुसरी जीवदयेची आणि आरोग्याची. साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. अळ्या झाल्यावर पाणी ओतून देणे म्हणजे हिंसा, आणि न ओतणे म्हणजे घरात डेंग्यूला बोलावणे. म्हणून मुळात जीवोत्पत्ती होऊच नये अशी काळजी घेणे हीच यतना. गाळलेले पाणी वापरावे, दर दोन-तीन दिवसांनी टाकी रिकामी करून, पुसून, कोरडी करून मगच पुन्हा भरावी.

वायुकाय आणि विवेक

जैन कुटुंबात पंख्याचा विचार केवळ आरामाचा राहू शकत नाही. षट्कायातील वायुकाय जीवांची विराधना टाळण्यासाठी साधू-साध्वीजी पंखा वापरत नाहीत. दशवैकालिक सूत्रात श्रमणांना वर्ज्य असलेल्या गोष्टींमध्ये पंख्याने वारा घेण्याचा उल्लेख आहे. वैशाखाच्या तापात विहार करून आलेल्या साध्वीजी उपाश्रयात पंख्यावाचून रात्र काढतात, हे आपल्या मुलांनी पाहिलेले असते. म्हणूनच उपाश्रय बांधताना वा दुरुस्त करताना बापू कुटीची आठवण व्हावयास हवी. जाड भिंत, उंच छत, समोरासमोर खिडक्या, पांढरी गच्ची एवढे केले तर कोणाच्याही नियमाला धक्का न लावता रात्र सुसह्य होते. दानशूर मंडळींनी संगमरवराच्या आधी याचा विचार केला, तर ती अधिक मोठी वैयावृत्त्य ठरेल.

श्रावकाला पंखा वर्ज्य नाही. पण अनर्थदंड त्याला वर्ज्य आहे. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कोणालाच थंड करीत नाही. प्रयोजनावाचून होणाऱ्या हिंसेचे याहून सोपे उदाहरण मुलांना दाखविता येणार नाही. खोलीबाहेर पडताना बटण बंद करण्याची सवय हा अणुव्रताचा पहिला पाठ होऊ शकतो.

हिशेबी मंडळींसाठी हिशेबही मांडण्यासारखा आहे. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो. आठ तासांच्या रात्रीला ०.६ युनिट. नवे बीएलडीसी मोटारीचे पंखे ३० वॅटच्या आसपास चालतात. म्हणजे रात्रीला पाव युनिटही लागत नाही. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे मानांकन बंधनकारक झाले आहे, ते पाहूनच खरेदी करावी. दीड टनाचा एसी चालू असताना दीड किलोवॅटच्या घरात वीज ओढतो. एसी घेतलाच असेल तर तो २६ अंशांवर ठेवून सोबत मंद पंखा लावावा. १८ अंशांवर एसी लावून वर दुलई पांघरणे हे आरोग्यालाही नको, वहीलाही नको आणि व्रतालाही नको.

चौविहार आणि उन्हाळ्याची रात्र

सर्वांत नाजूक प्रश्न पाण्याचा आहे. मे अखेरीस वर्ध्यात सूर्यास्त पावणेसात वाजून गेल्यावर होतो आणि सूर्योदय साडेपाचच्या सुमारास. चौविहार करून सकाळी नवकारसी पाळणाऱ्यांच्या तोंडात सुमारे साडेअकरा तास पाण्याचा थेंब जात नाही. हिवाळ्यात हे सहज निभते. उन्हाळ्यात मात्र तापलेल्या खोलीत रात्रभर घाम जातो आणि तो भरून निघत नाही. वर्षीतपाची वर्षभराची आराधना करणारे तपस्वीही ऐन उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेला पारणे करतात.

व्रत मोडावे असे येथे सुचविण्याचा प्रश्नच नाही. व्रत निभावे यासाठी रात्र थंड करणे हे घरातील इतरांचे कर्तव्य आहे. उकळून गार केलेले पाणी दुपारपासून थोडे थोडे, वारंवार घ्यावे. सूर्यास्ताच्या पाच मिनिटे आधी घाईने दोन तांबे पाणी पिण्याने काही साधत नाही, कारण शरीर ते लवकरच बाहेर टाकते. संध्याकाळच्या जेवणात मीठ-मसाल्याचे, तळलेले पदार्थ कमी करावेत. व्रतस्थ माणसाला घरातील सर्वांत गार खोली मिळावी. प्रत्येक घरात ही खोली बहुधा नव्या सुनेची किंवा नातवंडांची असते, आणि आजी वरच्या स्लॅबखाली असते. निदान दोन महिन्यांपुरती ही अदलाबदल व्हावी.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि शरीरातील पाणी कमी होते. मूत्रपिंड, हृदय वा मधुमेहाचे दुखणे असलेल्यांनी उन्हाळ्याआधी डॉक्टरांना आपला चौविहार स्पष्टपणे सांगावा. पुष्कळ वृद्ध तो संकोचाने सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारीत नाहीत. पच्चक्खाणाची मर्यादा किती घ्यावी, तिविहार चालेल का, हे गुरुमहाराजांना विचारावे. शक्ती पाहूनच तप करावे, असेच गुरुजन नेहमी सांगत आले आहेत.

रात्री एखाद्या वृद्धाचे अंग तापलेले लागले, तो असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. घाम आलेला असो वा नसो, वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोवर कपडे सैल करून अंगभर पाणी शिंपडावे आणि पंख्याचा जोराचा वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

पुन्हा एकदा बोट

अलीकडे आपल्या समाजातील कुटुंबे सुट्टीत मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या पर्यटक बोटींवर जातात. जैन भोजनाची सोय आहे का, हे सारेच विचारतात. झोपेची सोय कोणी विचारीत नाही. कमी भाड्याच्या आतल्या केबिनला खिडकी नसते. थंड हवा एका झरोक्यातून येते आणि चार जणांच्या श्वासाने खोली रात्री कोंदट वाटू लागते. गच्चीवरच्या झुळुकीची सवय असलेल्या ज्येष्ठांना तेथे झोप लागत नाही.

तेथेही तेच शास्त्र लागू पडते. केबिनची हवा २४-२५ अंशांची असते. हवी असते ती फक्त हालचाल. चार्जिंगचा, तळहाताएवढा पंखा त्यासाठी पुरतो. तो चेहऱ्यावर न रोखता पायांकडून किंवा भिंतीवर आपटून वारा येईल असा ठेवावा, म्हणजे घसा आणि डोळे कोरडे पडत नाहीत. बोटीवर आगीची भीती मोठी असल्याने एक्स्टेंशन बोर्ड आणि अनेक विजेची उपकरणे नेऊ देत नाहीत; तिकीट काढतानाच नियम विचारून घ्यावेत. मुंबईपर्यंत विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक आणि सुटी बॅटरी हातातल्या पिशवीत ठेवावी, सामानात टाकू नये. बाल्कनीची केबिन असेल तर दार सताड उघडे ठेवून झोपू नये. समुद्राची दमट हवा आत शिरते, भिंतींना पाणी सुटते आणि गारवा जातो. आतल्या खोलीतच वारा खेळता ठेवणे अधिक बरे.

‘राजपुताना’च्या डेकवर झोपणारे गांधीजी सेवाग्रामलाही उन्हाळ्यात उघड्या आकाशाखालीच निजत. धाम नदीच्या काठी पवनारला विनोबाजींचा आश्रम आहे. तेथेही संध्याकाळी नदीवरून येणारा वारा पंख्याची आठवण होऊ देत नाही. बाजारपेठेतील प्रत्येक घराला नदीकाठ मिळणार नाही. पण या वैशाखात घरातील कर्त्या माणसाने एक काम अवश्य करावे. रात्री दहा वाजता आजीच्या खोलीत जावे, तिच्या बाजेवर पाच मिनिटे बसावे आणि छताकडे हात नेऊन पाहावा. काय करावयास हवे ते तो हातच सांगेल.